पाडेली, उतरून

एकेचाळीस वर्षं माडावर चढलो,
पडलो नाही.
आचऱ्याच्या खाडीपासून वायंगणीपर्यंत
कुठला माड कुठे वाकतो, कुणाच्या शेंड्यात मुंग्या,
पायांना पाठ होतं.

आता बांबोळीची डॉक्टरीण,
माझ्या धाकटीहून लहान,
कागदावर बोट ठेवून सांगते:
उणे दोन पॉइंट सहा.
पडू नका हं, काका.
मी विचारलं, माडावरून?
ती म्हणाली, न्हाणीत.

हसू आलं. मग नाही आलं.

तीन महिन्यांनी एक सुई, पोटाच्या कातडीत.
ती गाठीला उपाशी ठेवते.
गाठ जगते पुरुषपणाच्या रसावर,
तो रसच आटवायचा.
हाडंही त्याच ताटात जेवत होती
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल,
मी तेव्हा गाठीचंच ऐकत होतो.

सोंड्या भुंगा लागलेला माड
बाहेरून हिरवाच असतो.
कोयत्याची पाठ बुंध्यावर मारायची,
कान लावायचा.
भरीव असेल तर टक्.
पोकळ असेल तर आवाज
आत कुठेतरी हिंडून येतो.
यंत्राखाली उताणा पडलो होतो
तेव्हा तेच चाललं असणार, कोयत्याशिवाय.

हाडांच्या सलाइनआधी दात दाखवून या, म्हणाले.
मालवणात हलती दाढ काढली.
राखणदाराला आधी कोंबडा द्यावा
तशी दिली.

बिडी सोडली. आकडी खुंटीला टांगली.
पेडवे काट्यासकट चावतो, नाचणीची आंबील पितो.
न्हाणीत दांडी बसवली लोखंडाची,
आणि चढायची, पायात घालायची ती दोरी
तिच्यावर गुंडाळली,
हात सरकू नये म्हणून.
इतकी वर्षं तिने पाय धरले,
आता हात.

वजन उचला, पण झटका नको, असं आहे.
म्हणून सोडणासकट दोन नारळ,
एकेका हातात एक,
घेऊन निघतो कोवळ्या उन्हात
पिरावाडीच्या वाळूवरून.
रापणकार हाक मारतात,
रे बाबल, खय चललस नारळ घेवन?
हाडां उन्हात घालूक, मी सांगतो.

माझ्या माडांवर आता लवू चढतो, यंत्र लावून.
मी खालून ओरडतो, तो नको, पलीकडचा घड!
नारळ पडतो. धप्प.
प्रत्येक धप्पला
कमरेत काहीतरी दचकतं.

रात्री तीनला मानेपासून वणवा पेटतो,
बनियन पिळून काढावं इतकं भिजतं.
सत्यवती उठते, न बोलता विंझणा घेते.
तिला हे येऊन गेलंय, चौदा वर्षांपूर्वी.
पौषात कसला गो वारा, मी म्हणालो होतो,
आणि कूस बदलली होती.
त्याच वर्षी तिचं मनगट मोडलं,
पडली नव्हती, कळशी टेकवताना हात वळला फक्त.
तेव्हाही मी म्हणालो होतो,
जरा बघून करावं माणसाने.

जेवणानंतर चुन्यासारखी गोळी घेतो मी,
ती समोर बसून पाणी देते.
काल विचारलंन्,
तुझो आकडो कितको म्हणालली ती?
सांगितला.
आणि माझो?

तिचं कुणी मोजलंच नव्हतं.

पुढच्या सुईला बांबोळीची
दोन तिकिटं काढणार आहे.
माका कित्याक, म्हणाली.
मी बोटाची पाठ
तिच्या मनगटावर हळूच मारली
आणि कान लावला.